बाबा आमटे यांना बसता का येत नव्हतं?

बाबा आमटे यांच्या उत्तरायुष्यातले बहुतेक फोटो पाहिले, तर ते उभे तरी दिसतात किंवा आडवे तरी. खुर्चीत बसलेले बाबा सहसा सापडत नाहीत. मान आणि कंबर, दोन्हीकडच्या मणक्यांच्या झिजेमुळे, म्हणजे स्पॉन्डिलोसिसमुळे त्यांचं बसणंच बंद झालं होतं.

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. जमीनदाराचं घर, शिकारीचा आणि मोटारीचा शौक. वकिली शिकले आणि वरोऱ्यात प्रॅक्टिस केली. काही काळ सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात राहिले. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी डोक्यावरून मैला वाहण्याचं कामही केलं. पुढे तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्याला पाहून ते आधी घाबरले, मग त्या भीतीचीच त्यांना लाज वाटली. कोलकात्याला जाऊन त्यांनी कुष्ठरोगावरच्या उपचारांचं शिक्षण घेतलं आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर साधनाताईंसह आनंदवन उभं केलं. विहीर खणण्यापासून सगळी कामं अंगमेहनतीची होती.

डोक्यावरचं ओझं आणि पुढचा मणक्याचा आजार यांची सांगड घालायचा मोह होतो. पण मणक्यांची झीज वय, ठेवण, आनुवंशिकता अशा अनेक कारणांनी होते. एका माणसाबाबत एकाच कारणाकडे बोट दाखवता येत नाही.

मानेत सात मणके असतात. त्यांच्यामधल्या गाद्या वयानुसार सुकतात, कडेला हाडाची टोकं वाढतात. आपण याला मणक्यात गॅप आला म्हणतो. गादी सरकून किंवा हाड वाढून हाताकडे जाणारी नस दबली की मानेपासून बोटांपर्यंत कळ आणि मुंग्या येतात. बहुतेकांना काही आठवडे ते काही महिन्यांत औषधं आणि व्यायामाने आराम पडतो. हाताची ताकद कमी होत गेली, तर मात्र ऑपरेशनचा विचार होतो. मज्जारज्जूच दबला, बटणं लावता येईनात, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर थांबण्यात धोका असतो.

सर्वांत रुळलेलं ऑपरेशन गळ्याच्या बाजूने होतं. खराब गादी काढून तिथे हाडाचा तुकडा किंवा पिंजरा बसवतात आणि दोन मणके जोडून टाकतात. ही पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकेत पुढे आली. नस मोकळी होते, पण त्या जागेची हालचाल कायमची जाते आणि शेजारच्या गाद्यांवरचा ताण वाढू शकतो. काही दिवस गिळायला त्रास होतो, आवाज बसतो. दुसरा पर्याय कृत्रिम गादीचा. त्यात हालचाल टिकते, पण सांधे फार झिजलेले असतील तर ती चालत नाही. गादी एका कडेलाच सरकलेली असेल, तर मानेच्या मागून नसेची वाट थोडी कोरून रुंद करता येते. त्यात मणके जोडावे लागत नाहीत. बऱ्याच पातळ्यांवर मज्जारज्जू दबला असेल, तर मागची कमान काढतात किंवा दार उघडावं तशी उघडतात. ही दाराची युक्ती जपानी सर्जनांची.

यातलं कुठलंही ऑपरेशन झिजलेला कणा पुन्हा तरुण करत नाही. दबलेली जागा तेवढी मोकळी होते. बाबांच्या मणक्यांवरही शस्त्रक्रिया झाल्या, तरी बसणं परत आलं नाही.

मग त्यांनी दिवसाची रचनाच बदलली. भेटी, पत्रं, बैठका आडवं पडून; फेरी उभ्याने. २४ डिसेंबर १९८५ ला कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा निघाली, तेव्हा एकाहत्तरी पूर्ण व्हायला दोनच दिवस होते. तरुण सायकलींवर होते, बाबा गाडीतल्या बिछान्यावर. पाच हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून यात्रा काश्मीरला पोचली. दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, ईशान्येतल्या इटानगरहून गुजरातच्या ओख्यापर्यंत दुसरी यात्रा निघाली. १९९० मध्ये पंचाहत्तरी ओलांडल्यावर त्यांनी आनंदवन सोडलं आणि धरणग्रस्तांच्या लढ्यासाठी नर्मदाकाठी कसरावदला मुक्काम हलवला. तिथे ते सुमारे दशकभर राहिले.

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचं निधन झालं. दहन न करता त्यांना तिथल्याच मातीत पुरण्यात आलं.