जॉर्ज कार्व्हर यांचे प्रयोगक्षेत्र

गुलामगिरीत जन्मलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर इ. स. १८९६ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात, टस्कीगी येथील कृष्णवर्णीयांच्या विद्यालयात शेतकी विभागाचे प्रमुख झाले. पुढल्याच वर्षी राज्याने कायदा करून तेथे प्रयोगक्षेत्र स्थापिले व त्यासाठी सालीना अवघे १,५०० डॉलर मंजूर केले.

विद्यालयाचे चालक बुकर वॉशिंग्टन हिशेबाला मोठे काटेकोर. कार्व्हर यांचे मन मात्र कागदपत्रांत रमेना. कोंबड्यांच्या खुराड्यांवरून तर दोघांत वारंवार खटके उडत. कारभारात ते कच्चे होते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु कोणता प्रयोग हाती घ्यावा, हे त्यांच्याइतके अचूक फार थोड्यांस उमगले. भोवतालचे शेतकरी बहुधा दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे व कर्जात बुडालेले. वर्षानुवर्षे एकट्या कापसाने जमीन निःसत्त्व झालेली, आणि विकतच्या खताला पैसा नाही. म्हणून कार्व्हर यांनी रानातील पालापाचोळा व दलदलीतील काळा गाळ शेतात घालून पाहिला. कापसाच्या जमिनीत त्यांनी चवळी पेरली. तिच्या मुळांवरील गाठींतले सूक्ष्म जंतू हवेतील नत्र जमिनीस मिळवून देतात. १८९८ साली निघालेली त्यांची पहिली पत्रिका तर ओक वृक्षाची फुकट मिळणारी फळे जनावरांना चारण्याविषयी होती!

पण पत्रिका वाचता येणारे शेतकरी थोडे. तेव्हा १९०६ साली न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांच्या देणगीतून एक गाडी सिद्ध झाली. तिचा आराखडा कार्व्हर यांनीच काढला. अवजारे व बियाणे घेऊन ती गावोगाव हिंडू लागली.

१९४३ साली कार्व्हर निवर्तले. आपली सारी शिल्लक त्यांनी टस्कीगीतील संशोधनासाठी ठेवली होती.