साधनांची मालकी आणि अभ्यासकाचे दायित्व : वि. का. राजवाडे यांचे चरित्र

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ साली कुलाबा जिल्ह्यातील वरसई येथे झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. शिक्षण पुण्यास, ओढाताणीत आणि खंड पडत पडत झाले. डेक्कन कॉलेजातून पदवी मिळविल्यावर काही काळ त्यांनी शिक्षकी केली. परंतु कोणत्याही चाकोरीत ते फार काळ रमले नाहीत. पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. भाषांतर हे मासिक त्यांनी काढले, प्लेटोचा रिपब्लिक मराठीत आणला, आणि लिहावयाचे ते मराठीतच असा नेम आयुष्यभर पाळला. एवढा पूर्वार्ध त्यांच्या मनोवृत्तीची कल्पना येण्यास पुरेसा आहे.

राजवाडे यांच्या जीवनाला निश्चित दिशा मिळाली ती वाई येथे सापडलेल्या दप्तरामुळे. त्यातील पत्रांच्या आधारे मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतच्या पूर्वीच्या दशकातील, हा पत्रव्यवहार होता. ऐतिहासिक कागद छापण्याची कल्पना तोवर नवी राहिली नव्हती. काशिनाथ नारायण साने प्रभृतींनी काव्येतिहाससंग्रह १८७८ मध्ये सुरू करून तो मार्ग मोकळा केला होता. राजवाडे यांचे वेगळेपण संख्येत नव्हे, छापण्याच्या शिस्तीत शोधावे लागते. पत्र जसे असेल तसे, त्याच्या मूळ शब्दांसह छापावे, वाचकाच्या सोयीसाठी भाषा नीटनेटकी करू नये, दप्तर कोणत्या घराण्यातून मिळाले ते नमूद करावे, आणि संपादकाला जे म्हणावयाचे असेल ते प्रस्तावनेत म्हणावे, हे पथ्य त्यांनी घालून घेतले.

या पथ्यामागे एक तक्रार होती. ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. आपण वापरलेल्या अनेक कागदांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचे डफ तळटीपांतून सांगतो. पण त्या साधनांशी ताडून पाहण्याची सोय मराठी अभ्यासकाला नव्हती. डफच्या विधानांची चिकित्सा नीळकंठराव कीर्तने यांनी तरुण वयातच आरंभिली होती. राजवाडे यांनी पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत तीच चिकित्सा पुढे नेली व तिच्यात बखरींनाही ओढले. विधान बरोबर की चूक हा प्रश्न पुढचा. ते तपासता येते की नाही हा आधीचा. लेखक कितीही प्रामाणिक असला तरी त्याची साधने दृष्टीआड असतील तर वाचकाला केवळ श्रद्धेवर विसंबावे लागते. राजवाडे यांचा राग मुख्यतः या परावलंबनावर होता, आणि तो रास्त होता.

पुढील सुमारे दोन दशकांत मालेचे बावीस खंड निघाले. त्यांसाठी राजवाडे गावोगाव हिंडले, बहुधा पायी, स्वतःच्या हाताने शिजवलेल्या अन्नावर. वाड्यांच्या माळ्यांवरील, देवघरांतील, कित्येकदा वाळवीच्या तोंडी गेलेली दप्तरे त्यांनी उलगडली. दप्तर बाळगणारी घराणी संशयी असत. वतनाचा वा जमिनीचा वाद उकरला जाईल ही भीती त्यांना वाटे, आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. परक्याच्या घरातील कागद छापताना संशोधक त्या घराण्याच्या विश्वासाशी बांधला जातो, याची जाण त्या काळी कोणत्याही नियमावलीत नव्हती. ती व्यवहारातून घडत गेली.

खंडांच्या प्रस्तावना हा स्वतंत्र विषय आहे. आठव्या खंडाच्या प्रस्तावनेत फारसीचा मराठीवरील परिणाम तपासला आहे, आणि भाषाभ्यासकांना तिची दखल आजही घ्यावी लागते. अन्यत्र मात्र कल्पना मोकाट सुटते. व्युत्पत्तीच्या एखाद्या धाग्यावरून संपूर्ण समाजेतिहास विणला जातो. तथापि येथे त्यांचेच पथ्य वाचकाच्या उपयोगी पडते. प्रस्तावना अमान्य केली तरी पत्रे शिल्लक राहतात. राजवाडे यांच्या निष्कर्षांना विरोध करणाऱ्यांनी राजवाडे यांनीच छापलेली साधने वापरली, आणि यात विसंगती काहीच नाही.

७ जुलै १९१० रोजी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. मंडळाच्या सभांत निबंध वाचावे, त्यांवर उपस्थितांनी आक्षेप घ्यावे, आणि मग ते इतिवृत्तांत छापले जावे, अशी वहिवाट पडली. मराठीत संशोधनपर नियतकालिकाची जी रीत पुढे रुळली तिचा एक उगम येथे आहे. एकट्याचा शोध समव्यवसायींसमोर मांडणे, ही गोष्ट राजवाडे यांच्या एकांड्या स्वभावाला सोयीची नव्हती. तरी तिची निकड त्यांनी ओळखली. स्वतः ते मंडळात फार काळ टिकले नाहीत. सहकाऱ्यांशी बेबनाव झाला आणि त्यांचा मुक्काम उत्तरोत्तर धुळ्याकडे वळला. संस्था त्यांच्यावाचून चालली, हे तिच्या घडणीला भूषणावहच म्हटले पाहिजे.

या चरित्रातील सर्वांत अवघड प्रकरण मंडळाच्या स्थापनेच्या एक वर्ष आधीचे आहे. १९०९ मध्ये राजवाडे यांनी ज्ञानेश्वरीची संहिता प्रसिद्ध केली. बीड येथील पाटांगणावर मिळालेल्या पोथीवर ती आधारलेली होती. ही पोथी मुकुंदराजांच्या परंपरेतील असून एकनाथांनी शके १५०६ मध्ये केलेल्या शुद्धीकरणापूर्वीची आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच वर्षी या संहितेच्या आधारे त्यांनी ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण लिहिले. मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाचा तो पहिला भरीव प्रयत्न होय.

परंतु ती पोथी नंतरच्या अभ्यासकांना तपासावयास मिळाली नाही. ती कशी नाहीशी झाली याविषयी आख्यायिका पुष्कळ आहेत. राजवाडे यांच्या संतापाशी त्यांचा संबंध जोडण्यात येतो. आख्यायिका बाजूला ठेविल्या तरी प्रश्न उरतो. छापील संहितेतील जुनी रूपे पोथीत जशीच्या तशी होती, की एखादे रूप संपादकाच्या व्याकरणविषयक धारणेने ओढून घेतले गेले? पोथीचे वय कशावरून ठरविले? एका प्रत्ययाच्या प्राचीनत्वाचा निर्णय करू पाहणाऱ्याला ही उत्तरे हवी असतात. व्याकरण संहितेवर उभे आणि संहिता अदृश्य पोथीवर, अशी ही रचना झाली. राजवाडे यांनी हेतुपुरस्सर पाठ बदलले, असे म्हणण्यास पुरावा नाही. त्यांच्या खंडांतील काटेकोरपणा त्यांच्या बाजूने साक्ष देतो. पण ही साक्ष चारित्र्याची झाली, पाठाची नव्हे. आणि डफच्या बाबतीत राजवाडे यांनी चारित्र्याची साक्ष पुरेशी मानली नव्हती. खंडांमध्ये साधन आणि संपादक वेगळे करता येतात. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत ते येत नाहीत. असे असूनही राजवाडे प्रत मराठी अभ्यासातून वगळता आलेली नाही, कारण तिच्यातील भाषेचे जुनेपण अनेक ठिकाणी इतर जुन्या लेखनाशी जुळते. ती वापरावी लागते आणि दर वेळी सावधपणे वापरावी लागते.

उत्तरायुष्यात राधामाधवविलासचंपू (१९२२) आणि महिकावतीची बखर (१९२४) ही संपादने निघाली. भारतीय विवाहसंस्थेविषयीच्या लेखनाचा काही भाग चित्रमयजगत मासिकात येताच मोठी खळबळ उडाली. त्या विषयावरील ग्रंथ त्यांच्या हयातीत निघू शकला नाही. त्यातील अनुमाने वादग्रस्त आहेत हे खरे. परंतु त्यांना उत्तर प्रतिलेखाने द्यावयाचे, मुद्रण थांबवून नव्हे, हा विवेक त्या वेळच्या वाचकवर्गाने दाखविला नाही. जे अप्रिय वाटले ते छापू नये, अशी मागणी करणाऱ्यांत सुशिक्षितही होते.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे राजवाडे यांचे निधन झाले. मागे संपत्ती नव्हती. होती ती दप्तरे, टिपणे आणि कोशांची अपुरी कामे. धुळ्यातील त्यांच्या चाहत्यांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभारून हा संग्रह जपला, आणि धातुकोश व नामादिशब्दव्युत्पत्तिकोश ही कामे कालांतराने तेथूनच प्रसिद्धीस आली. पाटांगणची पोथी मात्र त्यानंतरही अभ्यासकांसमोर आली नाही.