भूगर्भातील उष्णतेचा वेध घेणारा शास्त्रज्ञ

धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गचा किल्ला पाहताना नजरेत भरतो तो काळा पाषाण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उसळलेल्या लाव्हाचे थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार घडले. एवढी उष्णता पृथ्वीच्या पोटात येते कोठून आणि ती खंडांना कशी हलवते, या प्रश्नांचा आयुष्यभर पाठपुरावा केला तो ब्रिटिश भूशास्त्रज्ञ आर्थर होम्स यांनी.

होम्स यांचा जन्म १८९० मध्ये ईशान्य इंग्लंडमध्ये झाला. पृथ्वीचे वय अवघे काही कोटी वर्षे आहे, असे तेव्हा मोठमोठे शास्त्रज्ञ मानत. खडकातील युरेनियमचे हळूहळू शिसे होते, या तत्त्वाच्या आधारे होम्स यांनी १९११ मध्ये नॉर्वेतील एका खडकाचे वय ३७ कोटी वर्षे काढले. तेव्हा ते अवघे २१ वर्षांचे होते. हाच किरणोत्सर्ग भूगर्भाला उष्णता पुरवतो, हेही त्यांनी ओळखले.

पुढचा मार्ग मात्र खडतर होता. १९२० मध्ये ते एका तेल कंपनीच्या नोकरीसाठी ब्रह्मदेशात गेले. कंपनी बुडाली, लहानगा मुलगा आजाराने दगावला. मायदेशी परतल्यावर त्यांना काही काळ दुकान चालवावे लागले. १९२४ मध्ये डरहॅम विद्यापीठाने त्यांना बोलावले.

खंड सरकतात, हे वेगेनर यांनी १९१२ मध्येच मांडले होते. पण खंडांना ढकलणारी शक्ती त्यांना दाखवता आली नव्हती. ती होम्स यांनी सुचवली. महाखंड हा जणू झाकणच. त्याखाली उष्णता कोंडते. प्रावरणाचा खडक घन असूनही अतिमंद गतीने वर चढतो, दोन्ही बाजूंना पसरतो आणि खंडाला फाडतो. फटीतून लाव्हा उसळतो. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा विचार केवळ तर्क आहे, हे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. बहुतेकांनी तो दुर्लक्षिला. तरीही १९४४ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांनी त्याला स्थान दिले.

१९६० च्या दशकात सागरतळाच्या अभ्यासातून खंडांची हालचाल सिद्ध होऊ लागली. १९६४ मध्ये होम्स यांना प्रतिष्ठेचे व्हेटलसेन पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मांडणीतील तपशील आज बदलले आहेत. गोंडवन महाखंडापासून सुटून उत्तरेकडे निघालेला भारत रियुनियन बेटाखालील उष्ण प्रवाहावरून जाताना दख्खनचा लाव्हा उसळला, असे बहुसंख्य शास्त्रज्ञ मानतात. प्रावरण वाहते, हा होम्स यांचा मूळ विचार मात्र टिकला आहे. नळदुर्गचा काळा पाषाण त्याच उष्णतेची खूण आहे.