हिमप्रवाहाचा सहप्रवासी : फ्रिट्यॉफ नान्सेन

धाडस म्हटले की संकटाशी झुंजणारा वीर आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. निसर्गाशी झुंज न घेता त्याचीच शक्ती आपल्या कामी लावणाऱ्या एका वीराचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

फ्रिट्यॉफ नान्सेन यांचा जन्म १८६१ साली नॉर्वे देशात झाला. १८८१ साली 'जॅनेट' हे जहाज सैबेरियाच्या उत्तरेस बर्फात चिरडून बुडाले. त्याचे अवशेष तीन वर्षांनी दूर ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर सापडले. यावरून नान्सेन यांनी ताडले की, ध्रुवसमुद्रातील बर्फ स्थिर नसून वाहता आहे. मग त्याच बर्फात जहाज मुद्दाम अडकविले तर? अनेक अनुभवी संशोधकांनी ही कल्पना अविचाराची ठरविली. नान्सेन डगमगले नाहीत. त्यांनी 'फ्राम', म्हणजे 'पुढे', हे गोल बुडाचे बळकट जहाज बांधवून घेतले. बर्फाचा दाब वाढताच ते चिरडले न जाता वर उचलले जाई.

१८९३ च्या जूनमध्ये ते निघाले आणि सप्टेंबरात बर्फाने जहाजास वेढले. जहाजावर माणसे अवघी तेरा. हिवाळ्यात महिनोन् महिने सूर्यदर्शन नसे. पवनचक्कीवर चालणारे विजेचे दिवे तेवढे तेवत. सर्वजण एकाच पंक्तीस जेवत. दर चार तासांनी हवामानाची नोंद होई. सागर उथळ असावा असा समज होता. पण मोजावयास घेतलेली दोरी तळाशी पोहोचेना! तेव्हा पोलादी दोरखंडाचे पदर उलगडून त्यांनी नवी दोरी वळली. खोली तीन हजार मीटरांहून अधिक भरली.

जहाज ध्रुवावरून जाणार नाही असे दिसताच, १८९५ च्या मार्चमध्ये नान्सेन हे योहानसेन या सोबत्यासह कुत्र्यांच्या गाड्या घेऊन निघाले. ८६ अंश १४ कलांपर्यंत ते पोहोचले. तोवर इतक्या उत्तरेस कोणीही गेले नव्हते. ध्रुव सुमारे ४२० किलोमीटर उरला होता. तरीही पुढील बर्फ दुर्गम पाहून ते परतले. दगडांच्या झोपडीत हिवाळा काढून १८९६ साली दोघे स्वदेशी आले. सव्हरड्रुप यांच्या नेतृत्वाखाली 'फ्राम'ही सुखरूप आले. तेराही जण जिवंत होते!

पुढे निर्वासितांसाठी केलेल्या कार्याबद्दल नान्सेन यांना १९२२ साली शांततेचे नोबेल पारितोषिक लाभले. १९३० साली ते निवर्तले.

ध्रुव त्यांच्या हाती लागला नाही. तरी आम्ही त्यांस विजयीच मानतो. वेळीच मागे वळण्यासही धैर्य लागते, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.