वेगाच्या देवाचा भक्त : बर्ट मन्रो

‘इंडियन’ नावाची मोटारसायकल आहे म्हटल्यावर होस्टेलवर प्रत्येकाला ती आपल्याच देशातली वाटते! पण ही ‘इंडियन’ अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावची. आणि तिला अजरामर केलं ते न्यूझीलंडमधल्या, शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या एका माणसाने. त्याचं नाव बर्ट मन्रो.

मन्रोचा जन्म 1899 चा. न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाला इन्व्हरकारगिल हे गाव आहे, तिथे तो राहायचा. 1920 मध्ये त्याने नवी कोरी इंडियन स्काऊट घेतली. 600 सीसी, दोन सिलिंडरचं व्ही-ट्विन इंजिन आणि टॉप स्पीड ताशी 55 मैल, म्हणजे साधारण 88 किलोमीटर. आज आपल्या पार्किंगमधली कुठलीही गाडी एवढी पळते. पण मन्रोला तेवढ्यावर समाधान नव्हतं. काही वर्षांतच त्याने इंजिन खोललं आणि मग ते आयुष्यभर खोलतच राहिला.

दिवसा तो मोटारसायकली विकायची नोकरी करायचा आणि रात्र रात्र जागून स्वतःच्या इंजिनावर काम करायचा. पैसे बेताचेच. त्यामुळे पार्ट विकत आणण्यापेक्षा घरीच बनवायचा. जुन्या डब्यांत धातू ओतून पिस्टन पाडायचे, बॅरल आणि फ्लायव्हीलही स्वतःच करायचे. मायक्रोमीटर नव्हता, तर एक जुना स्पोकच मोजमापाला वापरायचा. पुढे नोकरीही सुटली आणि शेड हेच त्याचं घर झालं.

हे वाचून आपण लगेच म्हणतो, वा, काय जुगाड आहे! मला मात्र हा शब्द इथे पटत नाही. का ते सांगते.

आमच्या घरच्या जुन्या मोटारसायकलच्या बेस गास्केटमधून ऑइल गळायचं. बेस गास्केट म्हणजे क्रँककेस आणि त्यावर बसणारा ब्लॉक यांच्यामधलं पातळ पॅकिंग. एका मेकॅनिकने दोनदा बाहेरून सीलंट थापून दिलं. महिनाभरात परत तेच, आणि घरात गाडी भंगारात द्यायची चर्चा सुरू. जुगाड म्हणतात तो हा! शेवटी सुट्टीत वर्कशॉपच्या सरांना विचारून मी आणि दादाने ब्लॉक उतरवला. जुनं पॅकिंग ओरखडा न पाडता खरवडलं, ब्लॉकची खालची बाजू जाड काचेवर ठेवून फिलर गेज घातला तर एका कोपऱ्यात फट! म्हणजे दोष पॅकिंगचा नव्हताच, फेस सपाट नव्हता. शिवाय ब्रीदरची नळी चोंदलेली. पिस्टनच्या बाजूने खाली निसटणाऱ्या गॅसला बाहेर पडायला वाट नाही, मग क्रँककेसमध्ये प्रेशर वाढणार आणि ऑइल जिथे जागा मिळेल तिथून बाहेर येणार. फेस सपाट करून घेतला, नळी साफ केली, आधी होतं तेवढ्याच जाडीचं नवीन पॅकिंग टाकलं (जाड टाकलं तर कम्प्रेशन कमी होतं, फार पातळ टाकलं तर पिस्टन वर आपटायची भीती), आणि समोरासमोरचे नट थोडे थोडे करत आवळले. गळती थांबली.

मन्रो हेच काम करत होता, फक्त दोन सिलिंडरवर आणि चाळीसहून जास्त वर्षं. त्याची इंजिनं फुटायची, पिस्टन जळायचे. पण तो फुटलेले पार्ट फेकून देत नसे. शेडमधल्या फळीवर ते ओळीने मांडलेले असायचे आणि ‘वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य’ अशा अर्थाची पाटी तिथे होती. आपल्याकडे केटी लागलेला पेपर कोणी भिंतीवर लावतं का?

वयाची साठी उलटल्यावर तो अमेरिकेत युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर उतरला. 1962 मध्ये इंजिन 850 सीसीपर्यंत वाढवून त्याने ताशी सुमारे 288 किलोमीटरचा विक्रम केला. 1967 मध्ये, वयाच्या 68 व्या वर्षी, तेच इंजिन 950 सीसीचं करून 1000 सीसीच्या आतल्या गटात ताशी 183.59 मैल, म्हणजे 295 किलोमीटर! गाडीचं वय तेव्हा 47 वर्षं होतं.

6 जानेवारी 1978 रोजी मन्रो गेला. 2005 मध्ये त्याच्यावर अँथनी हॉपकिन्सचा सिनेमा आला आणि जगाला तो माहीत झाला. पण मला जास्त आवडते ती 2014 ची गोष्ट. 1967 च्या नोंदीत सरासरी काढताना चूक झाल्याचं त्याच्या मुलाच्या लक्षात आलं. हिशोब पुन्हा झाला आणि मृत्यूनंतर 36 वर्षांनी त्याचा विक्रम 184.087 मैल असा दुरुस्त झाला. अर्धा मैल वाढला!

तेव्हा मित्रांनो, सबमिशनच्या आदल्या रात्री कोणाचं तरी रीडिंग कॉपी करताना या म्हाताऱ्याला जरूर आठवा. त्याच्याकडे आपल्यासारखी लॅब नव्हती, मायक्रोमीटरसुद्धा नव्हता. पण बिघडलं की वरून लेप लावायचा नाही, खोलायचं, मोजायचं आणि कारण सापडेपर्यंत सोडायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. डिग्री आपल्याला चार वर्षांत मिळेल. ही सवय मात्र स्वतःलाच लावून घ्यावी लागेल.