राम जोशींचे नाव राहिले, फडातल्या बाकीच्यांचे काय?

श्रीपूर (सोलापूर) : शाहीर राम जोशी (1762–1812) आपल्या सोलापूरचे, ब्राह्मण घरातले. धोंडी शाहिरांच्या तमाशाचा नाद लागला म्हणून थोरले बंधू मुद्गल यांनी त्यांना घराबाहेर काढले. पंढरपुरात ते संस्कृत शिकले, पण पुन्हा डफाकडेच वळले. शरीराची ओढ, वासना, मोह त्यांनी लावणीत उघडपणे मांडला. पेशवाईतले रसिक त्यावर लुब्ध झाले. पुढे मोरोपंतांच्या स्नेहातून ते कीर्तनाकडे वळले. शृंगार आणि वैराग्य दोन्ही त्यांच्या रचनांत सापडतात.

त्यांची प्रतिभा आम्ही मानतो. पण प्रश्न विचारायलाच हवा. राम जोशी तमाशात गेले ते आवडीने आणि परतले ते सन्मानाने. 1947 साली त्यांच्यावर चित्रपटही निघाला. ज्या महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या फड जगवला, त्यांना हे काम जातीने चिकटले होते. त्यांच्यासाठी परतीची वाट नव्हती. त्याच रसिकांच्या नजरेने कवीला कीर्ती दिली आणि नाचणाऱ्या बाईला बदनामी. शाहिरांचा इतिहास लिहिताना त्या बायांचाही हिशेब मांडला पाहिजे.