प्रशांतचंद्र महालनोबिस : नमुन्यावरून देश मोजणारे संख्याशास्त्रज्ञ

भारतात २००७ पासून २९ जून हा दिवस सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. भारतीय सांख्यिकीचे प्रवर्तक प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्म १८९३ मध्ये याच दिवशी त्या वेळच्या कलकत्त्यात झाला. २०२२ साली या दिनासाठी शाश्वत विकासाची आकडेवारी हा विषय निवडण्यात आला होता. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेली १७ शाश्वत विकास उद्दिष्टे आणि त्यांखालील १६९ लक्ष्ये कितपत साध्य झाली, याचे उत्तर मोठ्या प्रमाणावर कुटुंबांच्या नमुना पाहण्यांतून मिळते. साधने तुटपुंजी असलेल्या, विस्तीर्ण आणि बहुभाषिक देशातही अशी पाहणी वर्षानुवर्षे विश्वासार्ह रीतीने करता येते, हे महालनोबिस यांनी दाखवून दिले. त्या दृष्टीने त्यांचे जीवनकार्य आजही अभ्यासनीय आहे.

महालनोबिस यांचे घराणे ब्राह्मो समाजाचे होते. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १९१२ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ते पुढील वर्षी इंग्लंडला गेले. लंडन विद्यापीठात शिकण्याचा त्यांचा विचार होता. तथापि केंब्रिजची सहल करताना परतीची गाडी चुकली, रात्री तेथेच मुक्काम करावा लागला आणि किंग्ज महाविद्यालयाच्या प्रार्थनामंदिराने भारावून जाऊन त्यांनी तेथेच प्रवेश घेतला. श्रीनिवास रामानुजन यांच्याशी त्यांचा परिचय केंब्रिजमध्येच झाला. मायदेशी परतताना त्यांच्या सामानात बायोमेट्रिका या संख्याशास्त्रीय नियतकालिकाचे अंक होते. बोटीवर त्यांनी ते वाचून काढले. प्रेसिडेन्सी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या या प्राध्यापकाचे मन पुढे मात्र संख्याशास्त्रातच रमले.

या ओढीला पहिले निश्चित काम मिळाले ते नागपुरात. १९२० मध्ये तेथे भरलेल्या विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण संस्थेचे संचालक नेल्सन अ‍ॅनन्डेल यांची त्यांच्याशी भेट झाली. कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापनाची आकडेवारी तपासण्याची विनंती अ‍ॅनन्डेल यांनी केली. त्यावरील निबंध १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन समूहांमधील साम्य अथवा भेद अनेक गुणधर्मांचा एकत्रित विचार करून मोजण्याची, महालनोबिस अंतर या नावाने जगभर वापरली जाणारी पद्धत त्यांनी १९३६ मध्ये मांडली. तिचा उगम याच कामात आहे.

त्याच सुमारास ते अलीपूरच्या वेधशाळेत हवामानशास्त्रज्ञ म्हणूनही काम पाहत होते. १९२२ मध्ये उत्तर बंगालात मोठा पूर आला. पुराचे पाणी अडवून धरणारे खर्चिक जलाशय बांधावेत, असा तज्ज्ञांचा विचार होता. महालनोबिस यांनी सुमारे ५० वर्षांच्या पर्जन्यमानाच्या नोंदी अभ्यासल्या आणि खरी गरज पाण्याचा त्वरित निचरा होण्याची आहे, असा निष्कर्ष काढला. ओरिसातील ब्राह्मणी नदीला १९२६ मध्ये पूर आला, तेव्हा नदीचे पात्र गाळाने उंचावले असून बांधांची उंची वाढवणे आवश्यक आहे, असे अभियंत्यांचे मत होते. सुमारे ६० वर्षांच्या नोंदींनी त्या समजुतीस दुजोरा दिला नाही. नदीच्या वरच्या भागात धरणे बांधावीत, ही महालनोबिस यांची सूचना होती. महानदीवरील हिराकूड धरण १९५७ मध्ये पूर्ण झाले, त्यामागील विचाराला या अभ्यासाचा आधार होता. वर्षानुवर्षे कोणी तरी निमूटपणे लिहून ठेवलेल्या पर्जन्याच्या नोंदी नसत्या, तर या दोन्ही प्रश्नांचा निकाल केवळ अधिकाराच्या जोरावर लागला असता.

भारतीय सांख्यिकी संस्थेची स्थापना १७ डिसेंबर १९३१ रोजी झाली. महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागातील एका खोलीत तिचे काम चाले आणि पहिल्या वर्षीचा तिचा खर्च अवघा २३८ रुपये होता. १९३३ मध्ये संस्थेने संख्या हे नियतकालिक सुरू केले.

संस्थेला कीर्ती मिळाली ती तागाच्या पाहणीने. त्या काळच्या बंगालमध्ये कायमधाऱ्याची पद्धत होती. जमीनदार ठरलेली रक्कम सरकारात भरत असल्यामुळे, मुंबई इलाख्यातील तलाठ्याप्रमाणे गावोगाव पिकांची नोंद ठेवणारी महसुली यंत्रणा तेथे नव्हती. ताग किती क्षेत्रात पेरला आणि किती निघाला, याचे सरकारी अंदाज ऐकीव माहितीवर बेतलेले असत. १९३७ पासून महालनोबिस यांनी या पिकाच्या नमुना पाहणीस आरंभ केला. नकाशावर केवळ योगायोगाने ठरलेले बिंदू घ्यायचे, त्या ठिकाणी अन्वेषकांना पाठवायचे आणि तेथे प्रत्यक्ष काय पेरले आहे ते नोंदवायचे, अशी ही रीत होती. थेट संपूर्ण प्रांताची पाहणी न करता आधी लहान क्षेत्रात प्रायोगिक पाहणी करावी, तीवरून खर्च आणि अचूकता यांचा मेळ घालावा आणि मगच व्याप वाढवावा, असा त्यांचा आग्रह असे. प्रायोगिक पाहणी ही संकल्पना आज इतकी रूढ झाली आहे की, ती कोणी प्रथम रुजवली याचे स्मरण फारसे राहिलेले नाही.

संपूर्ण मोजणीच्या सुमारे एक दशांश खर्चात नमुना पाहणी पार पडली. व्यापाराच्या प्रत्यक्ष आकड्यांशी ताडून पाहता तिचा अंदाजच अधिक जवळचा ठरला. हजारो तात्पुरत्या मोजणीदारांच्या कामावर देखरेख ठेवणे अशक्य असते, तर थोड्या आणि प्रशिक्षित माणसांचे काम तपासता येते, हे त्यामागील साधे कारण होते. ही तपासणी पाहणीच्या रचनेतच अंतर्भूत करण्याची युक्ती महालनोबिस यांनी योजली. एकाच प्रदेशासाठी दोन स्वतंत्र नमुने घेतले जात आणि ते दोन निरनिराळ्या तुकड्यांकडे सोपवले जात. दोन्ही तुकड्यांचे निष्कर्ष जवळपास सारखे आले तर आकड्यावर विश्वास ठेवावा, तफावत मोठी असेल तर चूक कोठे झाली ते शोधावे. आपल्या आकड्यात किती चूक असू शकते हे आकड्यासोबतच जाहीर करणारी ही पद्धत सरकारी कामकाजाच्या रीतीला सर्वस्वी नवी होती.

आकडेवारीतील उणिवांची किंमत किती मोठी असू शकते, हे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने दाखवले. प्रांतात तांदूळ नेमका किती आहे, याचा भरवशाचा हिशेब प्रशासनापाशी नव्हता. सरकारी चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख ठरवली, नंतरच्या अभ्यासांनी ती ३० लाखांच्या आसपास असल्याचे दाखवले. मेलेल्यांच्या मोजणीतच एवढे अंतर असावे, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे. दुष्काळ ओसरल्यावर संस्थेने बंगालच्या खेड्यांतून त्याच्या परिणामांची नमुना पाहणी केली. कोणी जमिनी विकल्या, कोणाचे बैल गेले आणि कोणती कुटुंबे निराधार झाली, याची नोंद झाली. भूमिहीन मजूर, मच्छीमार आणि ग्रामीण कारागीर यांच्यावर आघात सर्वांत मोठा होता, हे तीतून स्पष्ट झाले.

महालनोबिस यांच्या पद्धतींवर आक्षेपही घेतले गेले. त्यांत सर्वांत वजनदार आक्षेप होता तो सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा. पिकाचा उतारा काढताना महालनोबिस यांचे अन्वेषक काही फूट त्रिज्येच्या लहान वर्तुळातील पीक कापत. वर्तुळ लहान असले की त्याच्या क्षेत्राच्या मानाने कड मोठी असते आणि कडेवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल होतो. त्यामुळे उत्पन्नाचा अंदाज फुगतो, असे सुखात्मे यांनी १९४६ पासून निबंधांद्वारे मांडले आणि मोठ्या आकाराच्या तुकड्याची शिफारस केली. हा वाद कडवट झाला. पीककापणी प्रयोगांसाठी अखेरीस देशात मोठ्या तुकड्याची पद्धतच रूढ झाली. सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे संचालक झाले. या दोघांच्या मतभेदांतून भारतातील पिकांची आकडेवारी अधिक भक्कम झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये महालनोबिस यांची केंद्रीय मंत्रिमंडळाचे मानद सांख्यिकी सल्लागार म्हणून नियुक्ती झाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे ते अध्यक्ष होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे तिचे सदस्य होते. शेतकरी, कारागीर आणि लहान दुकानदार यांच्या उत्पन्नाविषयी व खर्चाविषयी जवळपास काहीच माहिती उपलब्ध नाही, हे समितीच्या कामात ठळकपणे दिसून आले. ही उणीव भरून काढण्यासाठी १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली.

ऑक्टोबर १९५० ते मार्च १९५१ या काळात पहिली फेरी झाली. ती केवळ ग्रामीण भागापुरती होती आणि तीत सुमारे १,८०० गावे निवडण्यात आली होती. अन्वेषकांपुढील अडचणी पुस्तकी नव्हत्या. भाषा बदलत, तशी वजने आणि मापेही बदलत. महाराष्ट्रातील पायलीचेच उदाहरण घेतले, तरी तिचे माप सर्वत्र एकसारखे नसे. घरच्या शेतातील धान्य खाणाऱ्या कुटुंबाचा खर्च कोणत्या भावाने धरावा, असाही प्रश्न होता. खर्चाविषयी गेल्या आठवड्याचा हिशेब विचारावा की गेल्या महिन्याचा, हा वरवर क्षुल्लक वाटणारा मुद्दा तर फार महत्त्वाचा ठरला. संस्थेने यासाठी स्वतंत्र प्रयोग केला. आठवड्याच्या हिशेबात धान्याचा वापर अधिक दिसे, आणि प्रत्यक्ष मोजून पाहिलेल्या धान्याशी महिन्याचा हिशेब अधिक जुळे. त्यानुसार ३० दिवसांचा कालावधी स्वीकारण्यात आला. जवळपास अर्ध्या शतकानंतर, १९९९-२००० च्या फेरीत दोन्ही कालावधींचे प्रश्न एकत्र विचारले गेले, तेव्हा देशातील दारिद्र्य नेमके किती घटले यावरून अर्थतज्ज्ञांमध्ये मोठा वाद झाला. प्रश्नावलीतील एका रकान्यावर कोट्यवधी लोकांची गणना अवलंबून असते, ते असे.

संयुक्त राष्ट्रांच्या नमुना पाहणीविषयक उपआयोगाचे अध्यक्षपद महालनोबिस यांनी १९४७ ते १९५१ या काळात भूषविले. पाहणीचा अहवाल कसा लिहावा आणि त्यात कोणती माहिती असलीच पाहिजे, याविषयीच्या शिफारशी या उपआयोगाने केल्या. १९५० मध्ये कलकत्त्यात आंतरराष्ट्रीय सांख्यिकी शिक्षण केंद्र सुरू झाले आणि आशियातील, पुढे आफ्रिकेतीलही सरकारी संख्याशास्त्रज्ञ तेथे प्रशिक्षणासाठी येऊ लागले. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी डिसेंबर १९५६ मध्ये संस्थेला भेट दिली. नमुना पाहणीची पद्धत समजून घेण्यात चीनला रस होता, आणि पुढील वर्षी महालनोबिस स्वतः चीनला गेले. व्हिएतनामचे नेते हो चि मिन्ह १९५८ मध्ये संस्थेत आले होते.

महालनोबिस यांचे नाव सर्वसामान्यांना अधिक परिचित आहे ते दुसऱ्या पंचवार्षिक योजनेमुळे. अवजड उद्योगांवर भर देणाऱ्या त्या आराखड्याच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली असून शेतीकडे आणि ग्राहकोपयोगी वस्तूंकडे त्यात दुर्लक्ष झाले, ही टीका निराधार म्हणता येणार नाही. मात्र त्या योजनेचे यशापयश मोजण्याची साधनेही त्यांनीच उभारलेली होती, याकडे टीकाकारांचे क्वचितच लक्ष जाते. डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९६३ मध्ये लोकसभेत देशातील २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असा दावा केला. पंतप्रधान नेहरूंनी हा आकडा १५ आणे असल्याचे सांगितले, तर नियोजन मंत्री गुलझारीलाल नंदा यांनी साडेसात आणे. संसदेतील त्या वादात सरकारला अडचणीत आणणारे प्रश्न सरकारच्याच आकडेवारीच्या आधारे विचारता आले. उत्पन्नाचे वाटप व राहणीमान यांविषयी १९६० मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्षही महालनोबिस होते, आणि १९६४ मधील तिच्या अहवालाने नियोजनाचे लाभ सर्वांपर्यंत समप्रमाणात पोहोचले नसल्याकडे लक्ष वेधले. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावर जो सुप्रसिद्ध अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा पायाही राष्ट्रीय नमुना पाहणीचे उपभोगविषयक आकडेच होते.

महालनोबिस यांचा स्वभाव एकतंत्री होता आणि संस्थेवर त्यांची पकड घट्ट होती. पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध होण्यास लागणारा विलंब ही सरकारची जुनी तक्रार होती. १९७० नंतर या पाहणीची फेररचना झाली, तिचे काम भारतीय सांख्यिकी संस्थेकडून काढून घेऊन एका नियामक परिषदेच्या देखरेखीखालील सरकारी संघटनेकडे देण्यात आले. हा निर्णय महालनोबिस यांना रुचला नाही. पाहणीचे आकडे वापरणारे शासन आणि ते आकडे तयार करणारी यंत्रणा यांत अंतर असावे, हा त्यांचा विचार होता. त्या अंतराचा प्रश्न त्यानंतरही अनेकदा उपस्थित झाला आहे.

वयाची ७९ वर्षे पूर्ण होण्यास एक दिवस बाकी असताना, २८ जून १९७२ रोजी कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे निधन झाले. त्या वेळी राष्ट्रीय नमुना पाहणीची २६ वी फेरी सुरू होती, आणि अन्वेषक गावोगाव जाऊन जमीनधारणा, पशुधन आणि कर्ज यांची माहिती नोंदवत होते.